पडेगावमागची शेवटची टेकडी

९ एप्रिल २०१६

वैजापूरकडचा डोंगर झाला! घरी येऊन पाणी पिण्याआधी मोबाइलमधली वाट आम्हा डोंगर चढणाऱ्यांच्या साइटवर चढवली. हिरवी खूण पडली. जिल्ह्याच्या यादीतली माझी आता एकच उरली – पडेगावमागची टेकडी. पैठणच्या सांडूच्या दोन. आधी यादी कोण पुरी करतं, तो की मी! लगेच त्याचा मेसेज – 'ताई, लई घाई करू नका, म्या आलोच.' ये म्हणावं!

१० एप्रिल

शेवटची टेकडी घरच्यांना घेऊन चढायची, माथ्यावर गोड वाटायचं – हा आम्हा साइटवाल्यांचा रिवाज. म्हणून तर सगळ्यात बुटकी टेकडी दोन वर्षं राखून ठेवली. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेवढीच झेपेल. नवरा म्हणतो, 'अगं, ऑफिसातून येता येता चढून ये अन् मोकळी हो.' काही म्हणजे काही कळत नाही या माणसाला!

१७ एप्रिल

आज जायचं होतं. नेमका आजच टँकर! दिवसभर पिंपं, बादल्या, भांडणं. तिकडे सांडूनं एक उरकली. बरोबरी. वैताग नुसता.

२४ एप्रिल

गेलो एकदाचे! आईंनी – म्हणजे सासूबाईंनी – जन्मात पहिल्यांदा बूट घातले. नऊवारीखाली पांढरे बूट, काय ती ऐट! गुलमंडीवरनं आणलेला पेढ्यांचा डबा मला धरूच देईनात.

पडेगाव मागं टाकलं. मोबाइल म्हणतो, माथा इथंच. आणि आम्ही उभे खड्ड्याच्या काठावर! मुरूम काढून काढून टेकडीच नेलेली. पलीकडं प्लॉटची चुन्याची आखणी. पोकलेनवाला म्हणाला, 'टेकडी? व्हती की. दिवाळीपातुर व्हती. समदी भरावाला गेली.'

'मनस्विनी, मग मी चढू कशावर गं?' आई म्हणाल्या. मी मोबाइलच उलटसुलट करून बघत होते. तर या बाई सरळ मुरमाच्या ढिगाऱ्यावर! दोन पावलं चढल्या, कमरेवर हात ठेवले – 'झाली माझी!' पोकलेनवाल्यासकट सगळे पोट धरून हसलो. पेढे तिथंच वाटले.

आता मात्र वाईट वाटतंय. फार. माझी यादी कधीच पुरी व्हायची नाही.

२५ एप्रिल

साइटवर फोटो टाकून कळवलं – टेकडी राहिलेली नाही. सांडूचा फोन – 'तुमची नाय, तर माझी बी नाय. शेवटची तशीच ऱ्हाऊ द्या.' म्हटलं, येडा का खुळा तू? चढ गुमान! 'नाय म्हंजे नाय.' गुणाचं पोर.

२८ एप्रिल

साइटवाल्यांनी टेकडी यादीतून काढली. पाठोपाठ मोबाइल वाजला – अभिनंदन! तुमची यादी पूर्ण. जिल्ह्यात पहिल्या! आई शेजारी सांगत सुटल्यात. मी स्वयंपाकघरात दार लावून रडतेय.