गडमुडशिंगीची ती दुपार

अहो डॉक्टर,

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. आज लिहायला बसले, कारण पूर्वाच्या मेडिकलच्या सीईटीचा फॉर्म चार दिवस माझ्यापुढे पडून आहे. पालकाची सही हवी. तुम्ही असता तर डोळे झाकून केली असती. माझा हात चालत नाही. लेकीला तुमच्या पेशात जाऊ द्यायचं की नाही, हे ठरवण्याआधी मला तुमच्याशी एका दुपारबद्दल बोलायचंय.

भेटायला माणसं अजून येतात. येणारा प्रत्येक जण तुम्हाला देवमाणूस म्हणतो आणि मी मनात म्हणते, बघू. बिद्रीच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ सांगत होते, ऐन पाडव्याला डॉक्टर माझ्यासाठी धावत आले. मी लगेच विचारलं, कोणत्या साली? किती वाजता? कारण एका पाडव्याला मी ओवाळणीचं ताट घेऊन अडीच तास बसले होते. साल जुळलं, वेळही जुळली. माझ्या भावाने मला आत बोलावलं. म्हणाला, "ताई, माणसं सांत्वनाला आल्यात, जबानी द्यायला न्हाईत."

पण या येणाऱ्यांत मी गडमुडशिंगीच्या कुणाची तरी वाट बघत होते, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे ना?

नव्वद साल. मला सातवा महिना. आदल्या संध्याकाळी तुम्ही माझ्या पोटाला नळी लावून ठोके ऐकलेत आणि जरा जास्तच वेळ ऐकलेत. "झोपलंय," म्हणालात. मला तेव्हाच शंका आली होती हो! सकाळी कळा सुरू झाल्या तशी मला शाहूपुरीतल्या प्रसूतिगृहात पोचवलंत. गडमुडशिंगीला सीरियस पेशंट आहे, आलोच, म्हणालात आणि स्कूटरला किक मारलीत. आपलं बाळ चार वाजता झालं. रडलं नाही. तुम्ही आलात सातला. भावाने त्या गावच्या दूधसंस्थेत तीनदा फोन करून निरोप ठेवला होता. तुम्ही म्हणालात, एकही निरोप मिळाला नाही.

एकोणीस वर्षं मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला नाही. पेशंटचं नाव विचारलं की तुम्ही विषय बदलायचात. म्हणजे कुणी बाई असणार, हे मी ठरवूनच टाकलं. स्कूटरच्या काट्यावरचे किलोमीटर बघून ठेवायचे. शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगायचे. स्पिरिटखेरीज कधी कसला वास आला नाही, तर म्हणायचे, फार हुशार आहेत!

गडमुडशिंगी इथून किती लांब? रिक्षाने जाऊन विचारून आले असते. पण गेले नाही. मला वाटायचं तेच खरं निघालं असतं तर?

मागच्या गुरुवारी एक बाई आली. चाळिशीच्या आतबाहेरची, नाव मालन. बसता बसता म्हणाली, डॉक्टरांनी मला जगवलं. गडमुडशिंगीत नवी सून होते, उलट्या-जुलाबांनी नाडी लागत नव्हती, डॉक्टरांनी घरातच भिंतीच्या खिळ्याला बाटली टांगून सलाईन दिलं. मी चहा ठेवायला उठले होते, ती परत खाली बसले. तिला महिना विचारला. तोच होता. मग विचारलं, डॉक्टर तुमच्याकडून किती वाजता निघाले?

"बाराच्या टायमाला मी उठून पेज प्यालो की वैनी," ती म्हणाली. "मामंजी दूधसंस्थेतनं तीनदा निरोप घिऊन आलं. डॉक्टर म्हणायचं, सलाईन संपू दे. सलाईन तर कवाच संपलं हुतं."

मग करत काय होते, असं मी विचारलं.

"गोठ्याकडं तोंड करून रडत हुतं. सासूनं ताट वाढलं, त्याला हात लावला न्हाई. एकदाच म्हणलं, तिथं गेलो की ती माझ्या तोंडाकडं बघंल, मग मी काय सांगू."

ती गेल्यावर मी तुमच्या फोटोकडे पाठ करून बसले. मला फार राग आला. दुसरी बाई असती तर निदान तिच्यावर काढता आला असता. तुम्हाला सगळं आदल्या संध्याकाळीच कळलं होतं ना? मला त्या दिवशी डॉक्टर नको होता. प्रसूतिगृहात होते की दोन. मला नवरा हवा होता, रडणारा चालला असता. आपण दोघांनी मिळून त्या बाळाला एकदा बघितलं असतं. मी एकटीने बघितलं, डॉक्टर. त्याचे केस दाट होते. तुम्हाला हे कुणी सांगितलंच नसेल.

आणि आता नवा संशय. तुमचे आणखी किती सीरियस पेशंट दुपारीच उठून बसलेले होते? माझ्या आईच्या मातीला तुम्ही उशिरा पोचलात, तेव्हा खरंच कुणी अत्यवस्थ होतं का?

पण मालन माझ्यासमोर धडधाकट बसली होती, हेही खरं. तिला दोन मुलगे आहेत. सकाळी तुम्ही गेला नसता तर ती नसती. तिला मिळालं ते आणि माझं गेलं ते, मी तोलून बघितलं. जमत नाही. सकाळी गेला तो खरा डॉक्टर होता. दुपारी तिथे बसून राहिला तो माझा घाबरलेला नवरा होता, आणि त्याला लपायला तुमच्या पेशाने जागा दिली. या पेशाची मला भीती वाटते ती याचीच. जागरणाची नाही, अर्धवट जेवणाची नाही. पेशंट आहे म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

पूर्वाचाही मला संशय आला. बाप गेल्याच्या दुःखात हिने हे डोक्यात घेतलं की काय? विचारलं, तर वैतागली. "आई, मी आठवीपासून सांगतेय. तू ऐकलंस कधी?" म्हणाली. तुम्ही तिच्याशी डॉक्टर होण्याबद्दल काही बोलला होतात का, हेही विचारलं. तर विषय बदलून मोकळी झाली. अगदी तुमच्यासारखी.

सही मी करणार आहे. पण आधी तिला समोर बसवून ती दुपार सांगणार आहे, काही न गाळता. तुमचं खोटं सांगीन आणि तुमचं रडणंही सांगीन. आणि वचन देते, मी आहे तोवर या घरात तिला लपायला सलाईनची बाटली लागणार नाही. पेशंट सावरला की निघायचं, घरी कितीही वाईट वाढून ठेवलेलं असलं तरी. सांगायला शब्द नसले तर नुसतं येऊन बसायचं. मी तिच्या तोंडाकडे बघणार नाही. शेजारी बसेन.

तुम्हाला हे तेव्हा सांगायला हवं होतं.

तुमच्यावर विश्वास ठेवायला उशिरा शिकणारी,
शालन