एका तारेवर पाच गावं

नागठाणी, ता. गंगाखेड
गुरुवार, ६ मार्च १९८०

कौडवाडीचे तीर्थरूप किशनमामा यांच्या पायांशी,

नागठाणीहून तुमचा पोस्टमास्तर भाचा भुजंग याचा वाकून नमस्कार. (वाकताना पोस्टाच्या टेबलाचा कोपरा कपाळाला लागला, तेव्हा हा नमस्कार साष्टांगात धरावा.) मामींचा गुडघा कसा आहे? वाळूच्या पुरचुंडीनं शेकायचं चालू आहे ना? म्हैस व्याली का, आणि व्याली असेल तर खरवसाच्या वेळी भाच्याची आठवण झाली होती का? आई खुशाल आहे. 'भावाला बहिणीच्या गावची वाट दिसंना का आता' असं तिनं तुम्हाला विचारलंय. शब्द तिचे आहेत, मी फक्त टपाल पोचवतो.

आता तुम्ही म्हणाल, याच्या टेबलावर फोन, माझ्या दुकानात फोन, एकाच तारेवर दोघं, मग हा पठ्ठ्या पाकीट कशाला चिकटवत बसलाय? मामा, एकाच तारेवर आहोत म्हणूनच पाकीट. जे लिहायचं आहे ते तारेवर बोललो तर पाची गावांच्या चुलीपर्यंत जाईल. तुम्ही हे पत्र मामींना वाचून दाखवणार हे मी धरून चाललोय, आणि मामींना आपल्या तारेची भानगड ठाऊक नाही, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो. तुम्हाला माहीत असलेलं आलं तर तुम्ही खुशाल पुढं जा.

तर मामी, टपाल-तार खात्यानं आपल्या डोंगराकडच्या पाच गावांना मिळून एकच तार दिली आहे. आधी आमची नागठाणी, मग उंबरदरा, मधोमध तुमची कौडवाडी, पुढं तांदूळखेड आणि शेवटी वडदरा. हँडल फिरवलं की घंटी पाची ठिकाणी वाजते, आणि फोन कुणाचा हे घंटीच्या चालीवरून ओळखायचं. नागठाणीची एक लांब एक आखूड, वडदऱ्याची दोन लांब एक आखूड. ज्याची चाल वाजेल त्यानंच उचलायचं, बाकीच्यांनी हात लावायचा नाही, असा खात्याचा कडक नियम आहे. आता नियम आहे म्हटल्यावर कुणीही कुणाचं ऐकत नाही, हे ओघानं आलंच. आपल्या तारेवर आजवर कुणी कुणाचं काही ऐकलेलं नाही. तरीही तांदूळखेडला कुणाला जुळं झालं की नागठाणीत त्याच दिवशी टोपड्याचं माप कसं ठरतं, ते देव जाणे.

या तारेवर माणसं जमायला लागली ती विद्यापीठाच्या नामांतराच्या दंग्यात. मामा, तुम्हाला आठवत असेल. एसटी बंद, टपालाची थैली येईना, पेपर येईना, कुठल्या गावात काय पेटलं कळेना. उंबरदऱ्याच्या पोस्टावर बन्सीधर कांबळे, आणि त्यांची सगळी वस्ती गावाच्या त्या टोकाला. सांज झाली की आधी उंबरदऱ्याची घंटी वाजवायची आणि बन्सीधरकाका "हाय, समदी हायत" असं म्हणेपर्यंत बाकी कुणी तोंड उघडायचं नाही, असा रिवाज न ठरवता पडला. तेवढे तीन शब्द ऐकल्याशिवाय माझ्या घशाखाली भाकर उतरत नव्हती, हे खरं सांगतो. पुढं गाड्या सुरू झाल्या, पेपर आले, पण सांजेला तारेवर जमायची सवय काही मोडली नाही. (तुम्ही मात्र नियमाला जागून तेव्हाच बाजूला झालात. तुमची शिस्त आमच्यात कुठून येणार?)

काय गप्पा व्हायच्या म्हणून सांगू! बन्सीधरकाका कापसाचा भाव सांगायचे आणि भाव पडला असेल तर रिसिव्हरमध्येच उसासा सोडायचे. तांदूळखेडच्या चांगुणाबाई (नवरा पोस्टमास्तर, पण फोन यांच्या ताब्यात) खोकल्यापासून दृष्ट लागण्यापर्यंत सगळ्यावर औषध सांगायच्या, आणि प्रत्येक औषधात ओवा असायचाच. एकमेकांचं तोंड आम्ही वर्षातून एखाद्या जत्रेत पाहणार, पण कुणाच्या घरी आज कालवण बिघडलं हे आम्हाला पाचही गावांचं ठाऊक. आणि वडदऱ्याहून बोलायची रुख्मिणी. पोस्टमास्तर तिचा बाप लिंबाजी, पण लिंबाजींचा जीव शेतात, त्यामुळं शिक्के मारण्यापासून फोनपर्यंत सगळं हीच बघते. पहिल्याच दिवशी तिनं मला सुनावलं, "नागठाणीचे मास्तर, तुमी हॅलो म्हणायलाव का बैल हाकायलाव?" मामा, मी त्या दिवसापासून हॅलो म्हणायचा सराव करतोय.

हळूहळू आमचं दोघांचं बोलणं वाढलं. (दोघांचं म्हणजे पाच गावांच्या समोर दोघांचं.) तिनं एकदा विचारलं, दिसायला कसे हाव तुमी? न पाहिलेल्या माणसाला आपण कसे आहोत हे सांगायची संधी आयुष्यात एकदा येते, म्हणून मी जरा हात सैल सोडला. उंच म्हणालो, सावळा पण तरतरीत म्हणालो, केस दाट आणि कुरळे म्हणालो. लगेच चांगुणाबाईंचा आवाज तारेत घुसला, "अन् जत्रंत टोपी काडली तवा काय चमकत व्हतं मग?" पाची गावं हसली. मी कपाळावर हात मारला, तो कपाळ संपून बराच मागं गेला. रुख्मिणी मात्र हसणं थांबल्यावर म्हणाली, "मी काळी हाय, दांडगी हाय, अन् लय भांडती. आता तुमी बी खरं सांगा." मग मी खरं सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना रस्त्यात मी एकटाच हसत होतो, आणि आश्रुबा न्हाव्यानं मला थांबवून तब्येत विचारली.

आता मुख्य अडचण सांगतो. आपल्या तारेत आवाज ठरावीकच असतो. दोघं बोलत असू तर भरपूर येतो. तिसऱ्यानं रिसिव्हर उचलला की तो पातळ होतो, चौथ्यानं उचलला की आणखी पातळ, आणि पाची जमले की बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. म्हणजे जितकी गोष्ट ऐकण्यासारखी, तितकी ती ऐकू कमी येणार. ही तार कुणी आखली त्याला एकदा भेटायचं आहे.

तुम्ही चारठाण्याचं स्थळ आणलंत, येत्या रविवारी ती मंडळी मला बघायला येणार म्हणून कळवलंत, आणि मी मान डोलावली. पण घरी येऊन बसलो तर जीव थाऱ्यावर राहीना. चारठाण्याची मुलगी चांगलीच असेल, तिचा काय दोष? पण मला रोज सांजेला ज्या आवाजाशी भांडायची सवय लागली आहे, तो आवाज चारठाण्यात नाही. म्हटलं, रविवारच्या आत वडदऱ्याला सरळ विचारावं. हो म्हणाली तर तुमच्या पाया पडून चारठाण्याला थांबवावं, नाही म्हणाली तर गुमान टोपी घालून त्यांच्यापुढं बसावं.

मंगळवारी दुपारी विचारलं. दुपार मुद्दाम निवडली. उन्हाच्या त्या वेळेला सगळे आडवे झालेले असतात, तार मोकळी असते, असा माझा हिशेब. काय बोलायचं ते भिंतीकडं बघून पाठ केलं होतं. हँडल फिरवलं, दोन लांब एक आखूड, आणि तिनं उचलल्यावर नुसतं म्हणालो, "जरा वेगळं बोलायचं हाय." इथंच चुकलं. 'वेगळं' हा शब्द तारेत पडला मात्र, खट. आवाज पातळ. पुन्हा खट. मी घाईनं पुढं गेलो, आणि जसजसा मुद्द्यावर येऊ लागलो तसतसा माझाच आवाज मला विहिरीतून आल्यागत वाटू लागला. शेवटी डोळे मिटून सगळा जीव एकवटून ओरडलो, "माझ्याशी लगीन करता का?"

डोळे उघडले तर पोस्टाच्या खिडकीत कडूबाई उभी. आंतर्देशीय पत्र घ्यायला आलेली. वय सत्तरीचं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "अरे लेकरा, आता ह्या वयात?" तिच्या मागं रांगेत तीन माणसं, त्यातला एक आपल्या आश्रुबाचा भाऊ, म्हणजे गावाला पुढचं सांगायची गरज नव्हती.

आणि तिकडून उत्तर आलं, मामा! नक्की आलं! पण कागदावरून मुंगी चालावी तेवढंच. मी "काय?" म्हणालो. पुन्हा मुंगी. मी पुन्हा "काय?" म्हणालो. मग तिनं फोन ठेवला. हो म्हणाली की नाही म्हणाली, हे माझ्याशिवाय सगळ्या तारेला माहीत आहे, आणि मी मात्र रिसिव्हर कानाला लावून बसलोय! दोन दिवस मला अन्न गोड लागत नाही. तिला परत विचारायचं तर ती म्हणेल, एवढं मी बोलले अन् ह्या माणसाचं ध्यान कुठं व्हतं? आणि समजा ती नाही म्हणाली असेल, तर तेच पुन्हा पाच गावांसमोर म्हणवून घ्यायचं?

म्हणून आधी बन्सीधरकाकांना आडून विचारलं. ते म्हणाले, मी तर रानात व्हतो, मला काय ठाऊक. आणि ठेवता ठेवता म्हणाले, "पर भुजंगराव, जे झालं ते बेस झालं." आता यातून काय समजायचं? चांगुणाबाई म्हणाल्या, "आमी कुनाचं ऐकत न्हाई बाबा. ओवा खावा, जिवाला बरं वाटंल." हेही दोन्हीकडं लागू पडतं. ऐकलं म्हणावं तर खात्याचा नियम मोडल्याचं कबूल करावं लागतं, त्यामुळं सगळी तार तोंडाला कुलूप लावून बसली आहे.

तुम्ही असल्या गोष्टींपासून दूर, तुम्हाला यातलं काहीच माहीत नसणार, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. मागणं एवढंच की चारठाण्याच्या मंडळींना काहीतरी सांगून आठवडाभर थांबवावं. माझ्या पोटात दुखतंय म्हणा, ते खोटंही नाही. आईला यातलं काही बोललो नाही, पण कडूबाई काल दोनदा येऊन गेली आहे, तेव्हा बोलायची गरज राहिली नसावी. मामींना नमस्कार, लहानग्यांना पापा, म्हशीला थाप.

तुमचा आज्ञेत (रविवार सोडून) असलेला
भुजंग

ता. क. मामा, वर तुमच्या शिस्तीची तारीफ केली ती तशीच ठेवतो, खोडत नाही. पण मंगळवारी माझ्या त्या प्रश्नानंतर तारेत अडकित्त्याचा कर्रकन् आवाज आला होता. बन्सीधरकाका तंबाखूवाले, चांगुणाबाईंची मिसरी, आणि वडदऱ्याला सुपारी कुणी खात नाही. शिवाय कौडवाडी बरोबर मधे, म्हणजे माझा प्रश्न आणि तिचं उत्तर दोन्ही धड ऐकू गेलेला माणूस या जगात एकच असू शकतो. मी कुणाला सांगणार नाही, खात्याला तर नाहीच. फक्त ती काय म्हणाली तेवढं कळवा. पाया पडतो. त्यासाठीच हे सगळं पत्र लिहिलं. वाईट असेल तर मामींच्या हातानं लिहवून घ्या, त्यांचं अक्षर लागत नाही, तेवढाच वाचेपर्यंत धीर.

आणखी ता. क. मामा! पाकीट चिकटवायला खळ काढली तोच घंटी वाजली. एक लांब, एक आखूड! माझी! उचलला तर मुंगी. पाची गावं आधीच हजर होती. मग वडदऱ्याहून अशी आरोळी आली की आवाज वाटून वाटून वाटला तरी मला पुरला, "नागठाणी सोडून समद्यांनी खाली ठिवा! कोन कोन हाय ते मला समजायलंय!" कुणीच ठेवला नाही. मग ती एकेकाला नावानं म्हणू लागली. "चांगुणाकाकू, ठिवा." खट. तिचा आवाज जवळ आला. "बन्सीधरकाका, तुमी रानात हाव न्हवं? ठिवा." खट. मामा, तिच्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या! रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. मग ती म्हणाली की मंगळवारी बोललेलं तुम्हाला ऐकू गेलं न्हाई हे मला तुमच्या त्या 'काय काय'वरून कळलं, आता एकदाच सांगती, नीट ऐका. आणि तिनं सांगितलं. ते मी लिहीत नाही, कारण आवाज स्वच्छ होता पण पुरता भरलेला नव्हता, आणि एवढ्या काळात मला या तारेचा अंदाज आलाय. एक रिसिव्हर अजून उचललेलाच होता. चारठाण्याला काय कळवायचं ते तुम्हाला आता माझ्याकडून समजायची गरज नाही, आणि रविवारी मामींना घेऊन वडदऱ्याला लिंबाजींकडं कोणत्या गाडीनं निघायचं तेही तुम्हीच ठरवा. मी तिला विचारलं होतं की कौडवाडी अजून ऐकतेय, त्यांनाही ठेवायला सांगू का. तर ती हसली आणि म्हणाली, "ऐकू द्या की. आता माझे बी मामाच हायत ते."