दीपगृहाच्या मागची समुद्रफुलं

कादिझ, गुरुवार

प्रिय कास्तोराव,

सप्रेम नमस्कार. ‘विनंती विशेष’ असं लिहायची रीत असली, तरी या पत्रात विनंती मुळीच नाही, नुसतं विशेषच आहे. तेव्हा निवांत वाचा.

कानातलं यंत्र नीट बसलं का? एन्कार्ना म्हणते, दादाला फोनवर फक्त स्वतःला हवं तेच ऐकू येतं. म्हणून हे पत्र, उद्याच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. रेमेवहिनींना नमस्कार सांगा. तुमची कुत्री व्याली असेल तर अभिनंदन, पण एकही पिल्लू इकडे पाठवू नका. आमच्याकडे सगळे बरे आहेत. फक्त रेग्ला सोमवारपासून माझ्याशी बोलत नाही, आणि बोललीच तर मला ‘तुम्ही’ म्हणते. (लेकीच्या तोंडून ‘तुम्ही’ मी यापूर्वी एकदाच ऐकलंय, तिच्या पहिल्या कम्युनियनला मी चर्चमध्ये घोरलो होतो तेव्हा.)

तुमची भाची गेली चार वर्षं समुद्रफुलांवर डॉक्टरेट करतेय, हे तुम्हाला माहीत आहेच. तीच ती, नावाची फुलं आणि खरी खडकाला चिकटलेली जनावरं, जी आपण ओहोटीला खडकावरून सोडवून आणतो आणि पिठात घोळवून तळून खातो. तिचं म्हणणं असं, की ज्या विषानं आपल्या मनगटांवर चट्टे उठतात त्याच विषात एक द्रव्य आहे, आणि ते नीट वेगळं काढलं तर दुखणं मेंदूपर्यंत पोचवणारी नस गप्प बसते. (मी म्हटलं, हेच काम मान्सानिया वाइनचे दोन पेले करतात. यावर तिनं मला समजावण्यात पाऊण तास घालवला.) शिवाय एकाच जातीचं फूल एका खडकावर जहाल आणि दुसऱ्यावर मवाळ का निघतं, हाही तिचा प्रश्न. म्हणजे कुठल्या खडकावर किती फुलं, ऊन किती, पाणी किती गार, सगळं लिहून ठेवायचं. आता या फुलांना बोट लागलं की रेग्लाचा हात कोपरापर्यंत सुजतो, म्हणून ती आणायचं काम फुलं काढायचा परवाना असलेल्या बापाकडे आलं. तीन वर्षांत एकवीस खेपा झाल्या. दर खेपेला दहाएक फुलं प्रयोगशाळेत जायची आणि उरलेली एन्कार्नाच्या कढईत. विज्ञानानं काहीही वाया घालवलं नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

प्रत्येक बरणीवर मला एक चिठ्ठी भरायची असे. तारीख, ओहोटीची वेळ, पाण्याचं तापमान, जागा. तारीख मी खरी लिहिली. वेळ खरी लिहिली. तापमानासाठी तर दोनदा थर्मामीटर बुडवला, कारण मी प्रामाणिक माणूस आहे. जागेचा रकाना आला की मात्र हात आपोआप लिहायचा, ‘दीपगृहाच्या मागे’. कास्तोराव, तुम्ही या धंद्यात चाळीस वर्षं काढलीत, तुम्हाला हे उलगडून सांगायला नको. आपला खडक कोण कोणाला सांगतो? माझ्या वडिलांनी जाताना घराचे कागद कुठे आहेत ते सांगितलं, खडक नाही सांगितला. तो शोधायला मला अकरा वर्षं लागली. कोणी विचारलं की दीपगृहाच्या मागे, हे आम्ही शिंक आल्यासारखं बोलतो, त्यात खोटं बोलल्याचं पाप वाटतच नाही. पुढे पुढे सगळ्या चिठ्ठ्या सारख्या दिसायला लागल्या, ते बरं दिसेना, म्हणून मी ‘दीपगृहाच्या उत्तरेला’, ‘दीपगृहापासून चाळीस पावलं’ असंही लिहिलं. ही चाळीस पावलं पुढे फार महागात पडली.

कारण पोरीनं त्यावरून नकाशा काढला. रंगीत. मधोमध दीपगृह आणि भोवती एकवीस ठिपके. मग तिच्या लक्षात आलं की पावलं बदलली की विषाची ताकद बदलते, आणि त्यावर तिनं चाळीस पानं लिहिली. दीपगृहाचा झोत फिरतो, तो फुलांच्या अंगातल्या बारीक शेवाळावर पडतो, शेवाळ जागं राहतं आणि फूल चिडचिडं होतं, असा काहीसा सिद्धान्त आहे. ती पानं तिनं मला जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली. मला फार आवडली. तेव्हाच बोलायला हवं होतं हे मला आता कळतंय, पण तिचा चेहरा इतका फुलला होता की मी आणखी पाव मागितला.

सोमवारी विगोहून तिच्या परीक्षक आल्या, डॉक्टर साबेला. बाई पन्नाशीच्या, स्वतःचे रबरी बूट घेऊन आलेल्या. म्हणाल्या, प्रबंध उत्तम आहे, फक्त तो खडक एकदा डोळ्यांनी बघू. मी म्हटलं आज भरती आहे. त्या म्हणाल्या, भरती-ओहोटीचं वेळापत्रक माझ्या खिशात आहे. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, सावकाश चालू. शेवटी आम्ही तिघं दीपगृहाच्या मागे पोचलो. तिथे काय आहे तुम्हाला माहीत आहे. वाळू आहे. वाळूवर घडीच्या खुर्च्या टाकून पाच म्हाताऱ्या बिंगो खेळत होत्या.

“सेर्वांदो, खडक कुठाय?” बाईंनी विचारलं.

“वाळूखाली गेला असेल,” मी म्हटलं.

“कुठला खडक?” बिंगोतली एक म्हातारी मान वर न करता म्हणाली. “मी लग्न होऊन आले तेव्हापासून इथे वाळूच आहे. तू त्या फुलंवाल्याचा मुलगा ना? तुझा बापही हेच सांगायचा.”

रेग्लानं नकाशाची घडी घातली, मग ती घडी आणखी एकदा घातली, आणि म्हणाली, “एकवीसच्या एकवीस, बाबा?” मी मान हलवली. “अहो, मी तुमची मुलगी आहे. मी काय तुमची फुलं चोरणार होते?” हे ‘अहो’ तेव्हापासूनचं. परत येताना ती पुढे चालत होती, आणि तिच्या पाठीकडे बघून मला जी लाज वाटली ती उभ्या जन्मात वाटली नव्हती.

साबेलाबाई भल्या निघाल्या. त्या म्हणाल्या, प्रयोग खरे आहेत, विष खरं आहे, फक्त पत्ता खोटा आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत खऱ्या जागांचा नकाशा द्या, दीपगृहाची चाळीस पानं काढून टाका, मी सही करते. नाही दिला तर चार वर्षांचं काम रद्दीत गेलं आणि प्रयोगशाळेतली जागाही गेली. मी ठरवलंय, पोरीला सगळं खरं सांगणार. तेव्हा तुम्ही काळजी करू नका, प्रश्न सुटल्यातच जमा आहे.

कानाला जपा, आणि यंत्र पेटीत न ठेवता कानात ठेवा.

तुमचा मेहुणा,
सेर्वांदो

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी माझा गुडघा धरला होता आणि तुम्ही मला टोपलीभर फुलं दिली होती, आठवतं? तुम्हाला वाटलं मी ती खाल्ली. ती सतरावी खेप. साऱ्या एकवीस खेपांत नस पूर्ण गप्प केली ती एकट्या सतराव्या खेपेनं. थोडक्यात, अख्खा प्रबंध तुमच्या टोपलीवर उभा आहे. तेव्हा मी विचारलं होतं की कुठून आणलीत, तर तुम्ही म्हणालात, दीपगृहाच्या मागून. कास्तोराव, तुमच्या गावचं दीपगृह मी पाहिलंय. त्याच्या मागे फुटबॉलचं मैदान आहे. कृपा करून खरी जागा कळवा. बाप्तिस्म्याला पोरीला तुम्हीच हातात धरलं होतं.

ता. क. २. नुसतं मागणं बरं नाही, म्हणून आधी मी माझी सांगतो. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. जुन्या मिठागराचा कालवा समुद्राला मिळतो तिथे डाव्या हाताला, तिसऱ्या कपारीत. वाचून झालं की पत्र जाळा.

ता. क. ३. दादा, मी एन्कार्ना. पाकीट काल रात्री चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. यांनी वर लिहिलेली जागा खोटी आहे. मिठागराच्या तोंडाशी काळा चिखल असतो आणि मी एकतीस वर्षं यांच्या विजारी धुतेय, त्यात काळा चिखल एकदाही निघालेला नाही. पिवळी वाळू निघते आणि गंजाचे डाग, म्हणजे मोडक्या धक्क्याच्या लोखंडी खांबांखाली. मी आज सकाळी रेग्लाला घेऊन तिथे गेले. फुलं आहेत, आणि खांबाला यांची जुनी टोपी अडकवलेली आहे. वीस ठिपके तिनं तिथेच लावले. सतरावा तेवढा रिकामा आहे. तू पुढच्या शुक्रवारच्या आत खरं कळव. तुझ्या विजारी रेमेवहिनी धुतात, आणि मी त्यांना रविवारी फोन करणार आहे.