कापसाचे दोन बोळे

३ फेब्रुवारी, सकाळी ५.२०
आजपासून घर सुधारायचं. सगळे पाचला उठणार. लेकीची परीक्षा सहा आठवड्यांवर आली आहे आणि तिचा मोबाइलचा अलार्म म्हणजे निव्वळ कुरकुर. ऑफिसच्या इमारतीतली जुनी फायर बेल भंगारात निघाली होती. इमारतीचा सेफ्टी ऑफिसर मीच, त्यामुळे परवानगी मागणारा मी आणि देणाराही मी. काल ती लेकीच्या खोलीबाहेर बसवली. बटण स्वयंपाकघरात. वाजवताना मी कानात कापसाचे बोळे घालतो. नियम आधी स्वतः पाळावेत.
ही म्हणाली, घर आहे की कारखाना? हिला दूरदृष्टी कमीच.

४ फेब्रुवारी, सकाळी ५.१५
बेल उत्तम वाजते. लेक दारापर्यंत आली आणि आडवी झाली. डोळे फिरवले, हात झटकले, अर्ध्या मिनिटात उठून बसली. मी म्हटलं, अभ्यास टाळायचं नवं नाटक. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उघडला. कालचा होता.
लेक म्हणे, बाबा, खरंच डोळ्यांपुढे अंधार आला. उपाशीपोटी येतोच. उद्यापासून बेलच्या आधी दूध द्यायचं. झोपलेल्या माणसाला ते कसं द्यायचं, याचा प्लॅन करायचा आहे.

६ फेब्रुवारी
पुन्हा पडली. ओठ फुटला. नाटकात ओठ कुणी फोडून घेत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य केलं. बेल बंद. (तात्पुरती.)
हॉस्पिटलमध्ये मेंदूचे डॉक्टर म्हणाले, फिट्स असू शकतात. हृदयाच्या डॉक्टरीणबाई ईसीजीची पट्टी उजेडात धरून म्हणाल्या, रेघ जराशी लांबलीय, पण ठाम सांगता येत नाही. मग एक फॉर्म दिला. घराण्यात कुणी अचानक, विशेषतः आवाजाने, बेशुद्ध पडतं का? हिने माहेरची सगळी दुखणी लिहिली, मामांच्या गुडघ्यांसकट. मी माझ्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : नाही.
माझं अक्षर पूर्वीपासून चांगलं.

९ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हृदयाचा ठोका पडून गेला की पेशींमधलं पोटॅशियम बारीक बारीक दारांतून बाहेर जातं, आणि मगच हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार होतं. काही घराण्यांत ही दारं जन्मापासूनच नीट काम करत नाहीत. हृदय अजून सावरतंय, तेवढ्यात मोठा आवाज होऊन माणूस दचकला तर ताल पार बिघडतो, मेंदूला रक्त पोचत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं फिट आली. शिवाय अशी दारं मेंदूतही असतात, म्हणून खरीखुरी फिटही नाकारता येत नाही.
मला पहिल्या फटक्यात समजलं. इमर्जन्सी एक्झिट! माझाच विषय. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सर्वांना समजावला. लेकीसाठी घेतलेली दोन डझन केळीही दाखवली, त्यांत पोटॅशियम भरपूर. स्टोअरकीपर चहा ढवळत म्हणाले, साहेब, दार अडलंय म्हणताय, मग आत आणखी माणसं कशाला कोंबताय?
या माणसाला माझ्याविषयी आदर नाही. अकरा वर्षांपूर्वीचं स्टूल अजून डोक्यात आहे. सायरनच्या टेस्टला मी स्टुलावरून पडलो होतो. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, स्टोअरने दिलेलं स्टूल डुगडुगत होतं. त्यांना मेमो मिळाला, प्रमोशन हुकलं. त्याला मी काय करणार? डुगडुगत असणारच.

१३ फेब्रुवारी
घराण्यात कुणी नाही म्हटल्यावर डॉक्टरांचा कल फिट्सकडे. त्याच्या गोळ्या सुरू. लेक दिवसभर पेंगते. टाइमटेबल नव्याने आखलं, चार रंगांत. केळी काळी पडली.

१८ फेब्रुवारी, दुपारी
हॉस्पिटलच्या बाकावर लिहितो आहे. वही बॅगेत होती.
लेक अभ्यास करतेय की झोपलीय, हे तपासायला मी ऑफिसातून फोन केला. झोपली होती. फोन उशाशी होता. पूर्ण रिंग वाजली.
ही धावली तेव्हा ती पलंग आणि भिंतीच्या मधे अडकलेली होती. या वेळी अर्धं मिनिट नाही. हिने किती ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.
डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोच फॉर्म पुढे केला. आवाजावरच होतंय हो, नीट आठवा, म्हणाल्या. आठवतो, म्हटलं.
बेल वाजवली नव्हती, एवढी नोंद असावी. फक्त फोन.

१९ फेब्रुवारी
ताई आली. लेकीच्या केसांवरून हात फिरवला, माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, अरे, शाळेत घंटेला तूही पडायचास की. दोनदा पडलास. आई स्वतः जाऊन बाईंना सांगून आली होती, याला घंटेपासून लांब बसवा.
मी म्हटलं, ताई, ते उन्हामुळे.
ताई म्हणाली, वर्गात कसलं रे ऊन?
मग ही हळूच म्हणाली, लग्न झाल्यापासून बघतेय, तुमच्या फोनची रिंग मी एकदाही ऐकलेली नाही.
फोन सायलेंटवर ठेवणं हा सभ्यपणा आहे, असं सांगायला तोंड उघडलं. लेक बघत होती. मिटलं.

२० फेब्रुवारी
फॉर्म भरला. ‘नाही’ खोडलं. आधी एका रेघेने. मग वाटलं, अजून वाचता येतंय, म्हणून गिरवून काळं केलं. त्याखाली लिहिलं : शाळेत दोनदा. पुढची ओळ लिहायला चाळीस मिनिटं लागली. ऑफिसात एकदा, सायरनच्या वेळी. स्टूल ठीक होतं.
अक्षर खराब आलं.
माझाही ईसीजी काढला. लेकीची पट्टी आणि माझी पट्टी टेबलावर शेजारी ठेवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी तुमचीच आहे हो. एरवी मला अभिमान वाटला असता. जनुकांची तपासणीही होईल, पण थांबायचं कारण नाही म्हणाल्या. फिट्सच्या गोळ्या हळूहळू बंद करायच्या. दोघांना हृदयाची गोळी, आणि निजायच्या खोलीत घंटा, अलार्म, रिंग काही नको. नियमित घेतलीत तर बहुतेकांचं छान चालतं, म्हणाल्या.
मग म्हणाल्या, हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर... आणि वाक्य सोडून पेनचं टोपण शोधू लागल्या. टोपण पेनलाच होतं.

२४ फेब्रुवारी
बेल भंगारात परत दिली. स्टोअरकीपर पावती लिहीत होते. मी स्टुलाचं सांगितलं. सगळं. भाषण पाठ करून गेलो होतो, ते दुसऱ्याच वाक्याला संपलं.
ते उठले. म्हणाले, बसा. बसलो. डुगडुगतंय का? म्हटलं, नाही. म्हणाले, अकरा वर्षं मी ह्यावरच बसतोय.
मला वाटलं, आता ओरडतील. मी तयारीत होतो. तर विचारलं, मुलगी कशी आहे?
मोठ्या साहेबांना पत्र लिहून तो मेमो रद्द करून घ्यायचा. या आठवड्यातच.

१ मार्च, सकाळी ७.१०
पाचला कुणी उठलं नाही. पत्र झालेलं नाही, मसुदा झाला आहे.
लेक काल घरी आली. आज तिनेच मला उठवलं, पायाचा अंगठा धरून, हळूच. डॉक्टरांनी असंच उठवायला सांगितलंय, म्हणाली. चहा घेऊन समोर बसली. विचारलं, बाबा, बेल वाजवताना तू कानात कापूस का घालायचास?
नियम म्हणून, असं लिहिलेलं आहे मागे. तेच सांगणार होतो. पण म्हटलं, भीती वाटायची.
ती चहा पीत राहिली. मग म्हणाली, अगदी साध्या आवाजात, मीठ मागावं तशी,
मग एक बोळा मला का नाही दिलास?