सरळच जा, निस्रीन

शुक्रवार, ४ एप्रिल

आधी उगवली ती शेजारची रहमा! बातमी म्हटलं की हिच्या पायाला चाकं. "लल्ला, गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी अडकलीय, आत बसलेली पोरगी तुझं नाव घेतेय!"

धावले. माझ्या लेकाची लेक निस्रीन — बेल्जमची! दात नव्हते तिला तेव्हा पाहिलेली. गाडी भाड्याची, नवरा गोरा, ब्राम नाव. फोन म्हणाला आत जा, की शिरली. मागून खेचरवाला ओरडतोय, "बालाक! बालाक!" — ब्राम उतरून विचारतो, "हा बालाक कोण? त्याला शोधू का?" अरे बाबा, बाजूला सर म्हणतोय तो! रहमा हसून हसून खाली बसली.

शनिवार, ५ एप्रिल

आज मी पुढच्या सीटवर! जन्मात पहिल्यांदा. राणीसारखी. रस्ता मीच दाखवला.

"सरळ."

"आजी, इथे तर वळण आहे!"

"मग? रस्ता वळतोय, आपण कुठे वळतोय? सरळच जा."

आपल्या फेझमध्ये सगळं सरळच असतं, पोरीला काय ठाऊक. चौकात सगळ्यांना आधी जाऊ देते. मागचे भोंगे वाजवून मरतात. लेकाचं विचारलं. "बाबांना सुट्टी नसते, आजी." बरं.

घराचं वळण आलं. मला दिसलं. सरळ म्हटलं. शहराच्या कोटाला आणखी एक फेरी झाली.

"आजी, हा दरवाजा मघाशी पाहिला ना?"

म्हटलं, फेझला दरवाजे पुष्कळ.

रविवार, ६ एप्रिल

गेली. वाळवंट बघायचंय म्हणे — वाळूत काय बघायचं? शुक्रवारी कुसकुस खायला येते म्हणाली, इन्शाल्ला. अगदी बापासारखं म्हणाली.

वस्तू राहिली की माणूस परत येतं, असं आई म्हणायची. निरोप द्यायला बसले होते गाडीत, तेव्हा माझी एक लाल चप्पल सीटखाली सरकवली. रहमानं पाहिलंच — "एका पायानं कुठून आलीस गं?" सांगते की काय!

मंगळवार, ८ एप्रिल

फोन नाही. वाळवंटात लागत नसेल. कुसकुसात घालायला भोपळा आणला, मोठा.

गुरुवार, १० एप्रिल

चणे भिजत घातले. रहमा म्हणते, "कोण खाणार एवढे? आधी येऊ तर दे." म्हटलं, आता भिजलेत, कोरडे थोडेच होतात! मशिदीत लिहायला शिकवतात, त्या वर्गाला आज गेले नाही. गाडीचा भोंगा वाजला आणि घरात कोणी नसलं तर?

शुक्रवार, ११ एप्रिल

भोंगा वाजला! तीच पांढरी गाडी. आत भाड्याच्या दुकानातला माणूस, हातात माझी चप्पल. "ती दोघं काल विमानानं गेली, आजी. गाडी देताना मुलगी म्हणाली, ही तेवढी पोचवा."

बस म्हटलं, जेवून जा. जेवला बापडा पोटभर. भोपळा आवडला.

म्हणजे चप्पल सापडली होती तिला. आणि ती सरळ गेली.