राक्षसाला टोमणा

३ मार्च

आजपासून हॉलमधला पलंग सासूबाईंचा. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात चालल्या नाहीत तर पुढे अवघड. चालल्या की आपल्या घरी जातील. एकटं राहणं त्यांना आवडतं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

कॅलेंडरवर खूण केली नाही. नुसतं पाहिलं.

५ मार्च

व्यायाम करून घेणारी बाई आली. 'आजी, वॉकर धरा. दोनच पावलं.' सासूबाई: 'तुम्ही चाला, मी बघते.'

वॉकर पलंगाशेजारी उभा. त्यावर मी टॉवेल वाळत टाकते.

६ मार्च

दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासल्या. संध्याकाळी सहा ते आठ माझा खेळ — पण कॉम्प्युटरचं टेबल नेमकं त्यांच्या उशाशी! इलाज नाही. बसले.

'ही हिरव्या झग्यातली कोण?'

'मी.'

'आणि ही बाकीची?'

'खरी माणसं आहेत, आई. आपापल्या घरी बसून खेळतायत. हे सगळं जग दूर कुठेतरी एका मोठ्या यंत्रावर चालतं. आम्ही तिथे जोडले जातो, म्हणून सगळ्यांना एकच डोंगर, एकच राक्षस दिसतो. मी बंद केलं तरी ते चालूच राहतं.'

'म्हणजे तुझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही.'

मी खेळाचा आवाज वाढवला.

९ मार्च

आमचा ढालवाला सोडून गेला. दहाजणांची टोळी अडली. टोळीचा म्होरक्या मुकादम — खरा कोण ते ठाऊक नाही, बोलताना मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात — रडकुंडीला आला.

सासूबाईंना कुतूहल. 'एक माणूस गेला तर एवढं काय?'

सांगितलं. कामं तीन. मारणारे मारतात. मी वैद्य, जखमा भरते. ढालवाला मार खातो. राक्षसाकडे रागाची यादी असते. यादीत जो सगळ्यांत वर, त्याच्यावर तो धावतो. म्हणून ढालवाल्याला एक खास बटण दिलेलं असतं — टोमणा. दाबलं की राक्षस बाकीच्यांना सोडतो आणि त्याच्याकडे वळतो.

सासूबाई कोपरावर उठल्या. आपल्या आपण!

'टोमणा मारायचा? एवढंच?'

१० मार्च

खेळात नवं माणूस करायचं तर नाव लागतं. काय देऊ, विचारलं.

'खाष्ट.'

'आई!'

'तू फोनवर म्हणतेसच की.'

१२ मार्च

खाष्ट आज सोळा वेळा मेली. मेलं की भूत होऊन स्मशानापासून आपल्या देहापर्यंत चालत यावं लागतं, मगच जीव येतो.

'मेल्यावरसुद्धा चालायचंच?' एवढ्या वैतागाने म्हणाल्या की व्यायामवाली बाई हसून खुर्चीत बसली.

वॉकर तसाच.

१३ मार्च

कामावर जाताना घरातला जुना लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. 'दुपारी सराव करते,' म्हणाल्या. परीक्षेला बसणाऱ्या मुलीसारखा चेहरा!

१७ मार्च

थर्मासमधला चहा संध्याकाळी तसाच. 'बेचव होता.' बरं.

मात्र ढाल धरायला शिकल्या. राक्षसाचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवतात, म्हणजे त्याची आग टोळीवर येत नाही. 'आलेल्या पाहुण्याला कुठे बसवायचं ते मला सांगू नकोस.'

२१ मार्च

मोठा राक्षस! तीन आठवडे आम्हाला चिरडत होता. दर वेळी तो त्याच क्रमाने हल्ला करतो. हरत हरत तो क्रम पाठ करायचा, दुसरा मार्ग नाही.

सहाला सुरुवात. दहाजण एकदम कानात बोलतायत. आणि मी घाण केली — खाष्टला जराशी जखम होताच सगळी औषधं एका दमात ओतली. जास्त बरं केलं की राक्षस वैद्यावर चिडतो! यादीत मी सगळ्यांत वर. तो वळला, माझ्यावर आला.

टोमणा एका बटणाने होतो. बोलायची गरज नसते. सासूबाई बोलल्या. खणखणीत, दहाजणांच्या कानात:

'ए मेल्या! तिच्यावर काय जातोस? इकडे बघ!'

तो वळला. आम्ही जिंकलो!

मुकादम ओरडत होता, 'आजी, आजी!' त्याचा कुकरही ओरडत होता. मी खुर्चीवर चढून नाचले. सासूबाईंनी पलंगावर ताल धरला. राक्षसाच्या पेटीतून एक शिरस्त्राण निघालं. ते कुणाला, यासाठी फासे पडतात. कुणीच टाकले नाहीत. खाष्टला दिलं.

२४ मार्च

नणंदेचा फोन. 'वहिनी, तीन आठवडे झाले. तू तिला पाऊलभर तरी चालवलंस का?' नवरा जेवताना: 'खेळणं हातात देऊन आईला पांगळी करणार आहेस.'

खरंच असेल तर?

मी लॅपटॉप कपाटात ठेवला. म्हणाले, 'आधी दहा पावलं, मग राक्षस.' त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आज यादीत सगळ्यांत वर मी.

२५ मार्च

लॅबमध्ये असताना मुकादमचा निरोप. 'आजी आज दुपारच्या खेळाला आल्या नाहीत. बऱ्या आहेत ना? त्यांची फार सवय झालीय हो. राक्षस अंगावर असताना म्हणायच्या — याला धरून ठेवा रे, मी चहा टाकून येते.'

चहा टाकून येते!

पलंगापासून ओट्यापर्यंत चौदा पावलं. घरी येऊन मोजली. वॉकरवरचे टॉवेल पाहिले. कडेला कड लावून, सुरकुतीही नाही. मी टॉवेल असे कधी घातलेत?

विचारलं नाही. विचारायचं काय? चालल्या की घरी. तिथे ढाल धरायची ती कुणासाठी?

गुपचूप लॅपटॉप परत पुढ्यात ठेवला. त्यांनीही काही विचारलं नाही.

२६ मार्च

नवऱ्याने लॅपटॉप पाहिला आणि पेटला. 'तुला सांगितलं होतं! उद्या ती उठलीच नाही तर जबाबदार तू!' त्या चालतात हे सांगितलं असतं तर त्याच क्षणी सुटले असते. नाही सांगितलं.

मागून आवाज आला.

'ए! तिच्यावर काय जातोस? इकडे बघ!'

तो वळला. सासूबाई उभ्या होत्या. हॉलच्या मधोमध. वॉकर पलंगापाशीच, टॉवेलांसकट.

२७ मार्च

नवऱ्याने आनंदाने आईला घरी सोडायला तिची बॅग मागितली. मी ती माळ्यावर टाकली आणि स्टूल लपवलं. म्हणाले, 'आई गेल्या तर टोळीचं अडेल.'

'टोळीचंच?' सासूबाई म्हणाल्या.

मी वळले.