राज्य कुणावर

पप्पा, या सोमवारी तुमचा ग्रीकचा डबा उघडला. बिस्किटांचा तो चौकोनी पत्र्याचा डबा, ज्याला आई 'यांची दुसरी बायको' म्हणायची. तुम्ही गेल्यापासून एकोणीस वर्षं तो कपाटावर होता आणि दर नाताळच्या साफसफाईत मी तो उचलून, पुसून, होता तिथंच ठेवत होतो. आता उघडायचं कारण असं की आपल्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक आलेत, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांना कुणीतरी सांगितलं की याचे वडील कर्जतला कंपाउंडर होते आणि औषधं करता करता बायबलची मूळ ग्रीक भाषा शिकले होते. झालं. येत्या रविवारी 'राज्य' या शब्दावर तुम्हीच बोला, पप्पांचं काही लिहिलेलं असेल तर तेही वाचून दाखवा, असं म्हणाले. तहसील कचेरीत पस्तीस वर्षं लोकांना 'उद्या या' सांगत आलेला मी, त्या पोराला मात्र नाही म्हणू शकलो नाही. आज शनिवार, दुपारचे तीन वाजलेत. उद्या उभं राहायचंय आणि मी दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. बायको म्हणते, बसा तरी नाहीतर बाहेर तरी जा.

डब्यात त्या पट्ट्या आहेत. औषधाच्या बाटलीवर चिकटवायच्या डोसाच्या पट्ट्या. तुम्ही कागद दुमडून कात्रीनं कोपरे उडवायचात, पट्टी उलगडली की कडेला कंगोरे, एका कंगोऱ्याला एक डोस. लाल औषधाची बाटली भरून, पट्टी चिकटवून तुम्ही म्हाताऱ्यांना समजावत असायचात की एका वेळी एवढंच घ्यायचं, आणि हात रिकामा झाला की उरलेल्या पट्ट्यांच्या मागं ग्रीक शब्द उतरवत बसायचात. कुणा पाहुण्या पाद्र्यांनी दिलेलं पातळ पुस्तक काउंटरखाली उघडं असायचं. डॉक्टर हसायचे, कंपाउंडर, हे कुठलं औषध, म्हणायचे. मी शाळेतून येऊन स्टुलावर बसायचो आणि मला तुमची लाज वाटायची. हे लिहायला नको होतं, पण वाटायची.

बहुतेक पट्ट्यांवर एक शब्द आणि त्याचा एक अर्थ आहे. 'बासिलेया'ची पट्टी तशी नाही. तिच्यावर चार ओळी आहेत आणि चारही वेगवेगळ्या शाईतल्या, म्हणजे तुम्ही तिच्याकडे पुन्हा पुन्हा आला होतात. पहिली ओळ : राज्य. त्याखाली : पण मुलूख नव्हे, राजा असणे. मग : राज्य चालवणे, आत्ता चालू असलेले, नकाशात दाखवता येत नाही. शेवटची ओळ बॉलपेननं, थरथरत्या अक्षरात, म्हणजे आजारपणातली : राज्य कुणाचे हे सोपे. राज्य कुणावर?

मी कचेरीतला माणूस. मला वाटलं, हे सोपं आहे. राजा कुणावर राज्य करतो, तर प्रजेवर. मी वहीत तसं लिहिलं. मुलूख आणि सत्ता यांतला फरक लिहिला, सातबाऱ्यावर नाव असणं वेगळं आणि जमीन कसणं वेगळं, असा दाखलाही दिला. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून पाहिलं. ते बरोबर होतं आणि त्यात काहीच नव्हतं. तुमचं ते प्रश्नचिन्ह तसंच राहिलं होतं.

मग धाकटा भाऊ आठवला. पाच वर्षांचा असेल. तुम्ही रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना सांगायचात आणि आम्ही मागून म्हणायचो. देवा, तुझे राज्य येवो, ही ओळ आली की तो डोळे उघडून इकडंतिकडं बघायचा. एकदा त्यानं प्रार्थना मधेच थांबवली आणि विचारलं, "पप्पा, देवावर राज्य आलं तर तो डोळं कुठं मिटनार?" मी खो खो हसलो, आईनं मला चापट मारली. त्या बापड्याला राज्य म्हणजे एकच माहीत होतं, लपाछपीतलं. ज्याच्यावर राज्य येतं तो भिंतीला तोंड करून आकडे म्हणतो, बाकीचे लपतात आणि तो शोधत फिरतो. कुणालाच राज्य नको असतं. तुम्ही मात्र हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात प्रत्येक पेशंटला तुम्ही हे सांगत होतात, जणू पोरानं परीक्षेत नंबर काढलाय.

आणि त्याच्या पुढचा तो रविवार. वर्ष नक्की आठवत नाही, पण भात झोडून झालं होतं आणि चर्चच्या मागच्या शेतकऱ्याच्या खळ्यात पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या, घराएवढ्या उंच. उपासना झाल्यावर आम्ही पोरं लपाछपी खेळतोय. राज्य माझ्यावर आहे. एकेक करून सगळे सापडतात, धाकटा सापडत नाही. ऊन चढतं, पोरं कंटाळून घरी जातात. घरी मटण असतं, रविवार आहे. मीही घरी येतो, हातपाय धुतो आणि पाटावर बसतो. तुम्ही माझ्याकडे बघता आणि विचारता, "धाकटा कुठाय?"

मी म्हणतो, सापडला नाही. खूप शोधलं.

"राज्य कुणावर होतं?"

माझ्यावर, मी म्हणतो. तुम्ही काही ओरडला नाहीत. माझ्या समोरचं ताट उचललंत, त्याच्यावर दुसरं ताट झाकलंत आणि चप्पल घातलीत. आई म्हणत होती, अहो याला खाऊ तरी द्या, धाकटा येईल भूक लागली की. तुम्ही म्हणालात, "राज्य टाकून आला हा. सगळं मिळंपर्यंत राज्य सुटत नाय." मग मी पुढं आणि तुम्ही मागं, असे आपण खळ्यात गेलो. तिसऱ्या उडवीपाशी तुम्ही थांबलात, खाली बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत. तो आत पेंढ्यात होता, रडून रडून झोपलेला, गालाला कुसळं चिकटलेली. जागा झाला तेव्हा मला म्हणाला, किती उशीर केला दादा. तुम्ही त्याला खांद्यावर घेतलंत आणि घरी येईपर्यंत माझा हात धरून होतात. तुमच्या पांढऱ्या शर्टाला अंग खाजेल एवढा पेंढा लागला होता.

आता दवाखान्यातली ती सकाळ. यावेळी पेशंट तुम्ही होतात. नर्स चादर बदलून गेली होती, खिडकीतून उन्हाचा तुकडा तुमच्या पायावर आला होता. धाकटा दोन दिवस फिरकला नव्हता. त्याला आजारपण बघवत नाही, लहानपणापासूनच. मला त्याचा राग होता. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "धाकटा कुठाय?" मी म्हटलं, आला नाही. मग माझं मनगट धरून म्हणालात, "आता राज्य तुझ्यावर हाय." संध्याकाळी तुम्ही गेलात.

मी काय समजलो, पप्पा, ते सांगायची लाज वाटते. मला वाटलं, तुम्ही मला गादी दिलीत. घराची, मंडळीतल्या तुमच्या खुर्चीची. पुरून आलो त्या दिवसापासून माझी मान ताठ झाली. प्रार्थना मी सांगायची, गीतं मी निवडायची. धाकटा तेव्हा रविवारी आपल्या चर्चमध्ये पेटी वाजवायचा आणि शनिवारी खोपोलीजवळ शिळफाट्याला मारुतीच्या देवळात भजनाला. तुम्हाला ते माहीत होतं, तुम्ही कधी काही म्हणाला नव्हतात. मी म्हणालो. पेटी एक तर इथं वाजेल नाहीतर तिथं, असं सांगितलं. तो म्हणाला, पेटीला काय कळतंय दादा, सूर तेच हायत. मला वाटलं, उलट बोलतोय. मी म्हणालो, या घरात आता राज्य माझं आहे, पप्पांनी दिलंय. त्यानं शांतपणे विचारलं, पप्पा नक्की काय बोलले? मी तुमचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, जरा मोठ्या आवाजातच. तो चक्क हसला. डोळ्यात पाणी होतं त्याच्या.

"बरं दादा. मंग मी जातो. तू ये."

एवढं बोलून तो गेला. पेटीही नेली नाही. त्या 'तू ये'चा मी एकोणीस वर्षं राग धरला. मला ते आव्हान वाटलं, ये बघू कसा येतोस, असं. त्याच्या लग्नाला मी गेलो नाही, माझ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका त्याला पाठवली नाही. कर्जत ते शिळफाटा अंतर ते काय, एसटीत बसलं की डुलकी लागायच्या आत खोपोली येते.

बुधवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये माईक बघायला गेलो होतो. आवारात वस्तीतली पोरं खेळत होती. एक मुलगी खांबाला टेकून रडकुंडीला आली होती आणि बाकीची तिला सांगत होती, "असं नाय चालत गं, राज्य तुझ्यावर हाय, तू शोधायचंस." मी माईकची वायर हातात घेऊन उभा राहिलो. तुम्ही 'तुझं' म्हणाला नव्हतात, पप्पा. 'तुझ्यावर' म्हणाला होतात. आधी विचारलं होतंत, धाकटा कुठाय. दोन्ही वेळा तोच प्रश्न, आणि त्याला ते ऐकल्याबरोबर कळलं होतं. मला कळायला एकोणीस वर्षं आणि एक रडकी पोरगी लागली.

मला माहीत आहे, ग्रीक लोकांच्या शब्दात लपाछपी नाही. ती आपल्या मराठीची करणी. पाळकांना सांगितलं तर ते म्हणतील, छान आहे, पण मूळ अर्थ तो नव्हे. खरंय. पण राज्य म्हणजे मुलूख नव्हे, राजानं करायचं काम, इथपर्यंत तर तुम्ही त्या शब्दाच्या मागं मागं गेला होतात. आणि तो राजा हरवलेलं मेंढरू हुडकत रानोमाळ फिरतो, हे तर आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. मग त्याचं राज्य येवो, असं म्हणताना आपण काय मागतो? त्यानं सिंहासनावर बसावं एवढंच? तुमच्या धाकट्यानं पाच वर्षांचा असताना तो प्रश्न विचारला होता आणि तुम्ही मरेपर्यंत तो पट्टीवर लिहीत होतात.

गुरुवारी मी शिळफाट्याला गेलो. रजा टाकली, बायकोला सांगितलं नाही. तो तिथं एका मोटर वायंडिंगच्या दुकानात असतो, जळालेले पंप आणि पंखे नव्या तारेनं भरून देतो, हे मला आधीपासून माहीत आहे. दुकानात तो नव्हता. मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ, दाढीला मेंदी लावलेली. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, तुमी त्याचे भाऊ ना, नाक तेच हाय. मी म्हणालो, नाही, मी पंपाचं विचारायला आलोय. तोंडातून निघून गेलं. त्यांनी स्टूल पुढं केलं, चहा मागवला आणि पंपाचं काही न विचारता आपणहून बोलत राहिले. "भजनात पेटी वाजवतो, लय ग्वाड वाजवतो. पन ती मंडळाची. मी किती येळा बोललो, सोताची घे एक. तर बोलतो, माझी हाय दादाकडं." चहा निम्मा टाकून मी उठलो. समोरून तो येत होता, खांद्यावर तांब्याच्या तारेचं भेंडोळं. केस पांढरे झालेत, चालतो मात्र अगदी तुमच्यासारखा. मी एका टेंपोच्या आड झालो. लपलो, पप्पा. राज्य माझ्यावर असून मीच लपलो.

त्या दिवसापासून डोकं ठिकाणावर नाही. काल पेटी पुसली. तीन पट्ट्या दबतात त्या उठत नाहीत, भाता फाटलाय. चादरीत बांधून दाराशी आणून ठेवली आहे आणि जाता येता मला तिचीच ठेच लागते. आत्ता हे लिहिता लिहिता उठलो आणि पाळकांना फोन करून सांगितलं की उद्या मला जमणार नाही, तुम्हीच बोला. कारण विचारलं त्यांनी. मी म्हटलं, एका ठिकाणी जायचंय, सकाळचीच गाडी आहे. हे बोलताना मला वाटलं की मी जाणार आहे. फोन ठेवल्यावर तेवढं नक्की वाटेना. तो काय म्हणेल याची भीती नाही. तो काहीच म्हणणार नाही, किती उशीर केला एवढंच म्हणेल, आणि तेच मला ऐकवणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं ते कळत नाही, तेव्हा ते पट्ट्यांच्या डब्यातच जाईल. एक मात्र तुम्हाला सांगायचं राहिलंय, एवढी वर्षं कुणालाच सांगितलं नाही. त्या रविवारी मी खूप शोधलं म्हणालो ते खोटं होतं. तिसऱ्या उडवीतून त्याची निळी चप्पल बाहेर दिसत होती. मी ती पाहिली होती आणि जेवायला घरी आलो होतो.